मेट्रोडोमचे छत : कापड, हवा आणि १७ इंच बर्फ

१२ डिसेंबर २०१० रोजी पहाटे पाचच्या सुमारास अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातल्या ह्युबर्ट एच. हम्फ्री मेट्रोडोम या बंदिस्त स्टेडियमचे छत खाली आले. दोन दिवसांत सुमारे १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर, बर्फ पडला होता. आधी छताचा मधला भाग खोलगट झाला, मग कापडाचे तीन पट्टे फाटले आणि त्या भोकांतून टनावारी बर्फ मैदानावर कोसळला. त्या दिवशीच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यासाठी आत लावलेल्या प्रक्षेपण कॅमेऱ्यांनी हे सगळे टिपले. स्टेडियम रिकामे होते, त्यामुळे कोणालाही इजा झाली नाही.

त्या चित्रणात कापड फाटताना दिसते, म्हणून ‘कापड कमजोर होते’ असा निष्कर्ष चटकन काढला जातो. तो अपुरा आहे. ते कापड २९ हिवाळे पाहिलेले होते आणि थकले होते, हे खरे. पण या छताची बर्फ पेलण्याची क्षमता मुळात कापडात ठेवलेलीच नव्हती. ती पंख्यांत, गरम हवेत आणि छतावर चढणाऱ्या माणसांत ठेवलेली होती. कापडी वास्तूचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण त्या दृष्टीने पाहावे असे आम्हाला वाटते.

छत कसे होते

मेट्रोडोम १९८२ मध्ये खुले झाले. फुटबॉलसाठी सुमारे ६४,००० प्रेक्षक बसतील एवढी जागा होती. छताचा विस्तार सुमारे १० एकर, म्हणजे ढोबळमानाने ४०,५०० चौरस मीटर. आत एकही खांब नाही. छताचा सर्वांत उंच बिंदू मैदानापासून १९५ फुटांवर, म्हणजे साधारण ५९ मीटरवर.

छताला कापडाचे दोन थर होते. बाहेरचा थर काचतंतूंच्या विणीवर टेफ्लॉनचा, म्हणजे पीटीएफईचा, लेप दिलेला. जाडी इंचाचा बत्तिसावा भाग, सुमारे ०.८ मिलिमीटर. आतला थर त्याच्या निम्म्या जाडीचा, आवाज शोषून घेणारा. दोन थरांमध्ये पोकळी, आणि त्या पोकळीत गरम हवा सोडण्याची सोय. छतावरून दोन तिरप्या दिशांनी पोलादी केबल गेल्या होत्या. त्यांच्यामुळे शंकरपाळ्यासारखे चौकोन तयार होत आणि प्रत्येक चौकोनात कापडाचा एक पट्टा बसवलेला असे. असे शंभराहून अधिक पट्टे होते. केबलची टोके परिघावरच्या काँक्रीटच्या रिंग बीममध्ये अडकवलेली होती. कापड, केबल आणि जोड मिळून छताचे वजन सुमारे ५,८०,००० पौंड, म्हणजे २६३ टन.

१० एकरांना २६३ टन म्हणजे चौरस मीटरला साडेसहा किलो. पत्रा आणि त्याखालच्या पोलादी कैच्या धरल्या तर एवढ्या मोठ्या खांबविरहित छताचे वजन याच्या अनेक पटींनी जास्त होते. कापडाचे आकर्षण इथेच आहे. संपूर्ण स्टेडियम सुमारे ६.८ कोटी डॉलरमध्ये उभे राहिले, त्यात छताच्या हलकेपणाचा वाटा मोठा होता.

ही पद्धत अभियंता डेव्हिड गायगर यांनी पुढे आणली. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनासाठी त्यांनी १४२ बाय ८३ मीटरचे लंबवर्तुळाकार छत हवेवर तोलले. फुग्यासारख्या उंच घुमटाऐवजी त्यांनी अगदी चपटा घुमट घेतला आणि तो केबलच्या जाळीने बांधून ठेवला. चपट्या छतावर वारा मुख्यतः वर ओढतो, बाजूने ढकलत नाही. आत तापवायची हवा कमी लागते. केबलच्या दिशा नीट निवडल्या की रिंग बीमवर वाकवणारा भार जवळजवळ येतच नाही, तिच्यावर फक्त दाब येतो, आणि दाब काँक्रीटला मानवतो. हिशेब देखणा आहे. उणीव एकच: चपट्या छतावरून बर्फ आपोआप घसरत नाही.

छत उभे कशावर राहत होते

आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त दाबाखाली ठेवायची, एवढेच त्याचे तत्त्व. त्यासाठी ९० अश्वशक्तीचे २० पंखे होते. छत फुगलेले ठेवायला मिनिटाला सुमारे २,५०,००० घनफूट हवा लागत असे, म्हणजे सेकंदाला ११८ घनमीटर. दारे फिरती होती, कारण साधे दार उघडले तर हवा निसटते आणि माणूसही बाहेर ढकलला जातो.

अशा चपट्या छतांत नेहमीचा जादा दाब २०० ते ३०० पास्कल असतो. मोजायला सोपे जावे म्हणून २५० घेऊ. हा दाब चौरस मीटरला साधारण साडेपंचवीस किलो उचलतो. १० एकरांवर एकूण उचल होते सुमारे १,०३० टन. त्यातून छताचे स्वतःचे २६३ टन वजा केले की उरतात ७७० टन. कोरड्या हिवाळी दिवशी ही शिल्लक छत ताठ ठेवायला आणि वाऱ्यात फडफडू न द्यायला वापरली जाते.

आता बर्फाकडे येऊ. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाची घनता साधारण पाण्याच्या एक दशांश धरतात. ४३ सेंटिमीटर बर्फ म्हणजे चौरस मीटरला ४३ किलो. सगळा बर्फ छतावरच राहिला असे धरले तर १,७४० टन. शिल्लक होती ७७० टनांची. म्हणजे छत आणि बर्फ दोन्ही तोलायचे तर आतला दाब ४९० पास्कलच्या आसपास न्यावा लागला असता, आणि तोही बर्फ सगळीकडे सारखा पसरला असता तर. प्रत्यक्षात काही बर्फ उडून जातो, काही वितळतो. त्यामुळे सरासरी आकडा कमी होतो, पण घात सरासरी भार करत नाही.

हवेला जागा कळत नाही

छताच्या वर्तनाचे मर्म इथे आहे, म्हणून थोडे थांबू.

बंद जागेतल्या हवेचा दाब सगळीकडे सारखा असतो. पंख्यांचा वेग वाढवला की दाब पूर्ण छतावर वाढतो. ज्या पट्ट्यावर बर्फ साचला आहे, तेवढ्यापुरता तो वाढवता येत नाही. तुळईवर जिथे भार येतो तिथे ती वाकते आणि वाकताना विरोधही करते. खोगिरासारखा दुहेरी वळणाचा आणि मुळातच ताणलेला पडदा असेल तर भाराखाली एका दिशेचे धागे जास्त ताणले जातात, दुसऱ्या दिशेचे सैल होतात, आणि आकार फारसा बदलत नाही. हवेवरच्या घुमटात मात्र एका ठिकाणचा भार हवेच्या दाबापेक्षा जास्त झाला की तेवढा भाग आत उलटतो. उलटल्यावर त्याला परत वर ढकलणारे काही नसते.

वारा बर्फ सारखा पसरू देत नाही. आडोशाच्या बाजूला आणि केबलच्या रेषांमधल्या खोलगट भागांत तो साठवतो. सरासरी ४३ किलो असताना एखाद्या पट्ट्यावर ८० किलो सहज येतात. म्हणजे तिथे वरून ७८० पास्कल आणि खालून २५०. पट्टा उलटतो आणि त्याची वाटी होते. शेजारचा बर्फ त्या वाटीकडे सरकतो. आतल्या उष्णतेने वितळलेले पाणी उताराने तिथेच येते. वाटी खोल होते आणि खोल झाली म्हणून आणखी पाणी येते. छत बांधणारे याला ‘पाँडिंग’ म्हणतात. कापडी छतांच्या अपयशाच्या सर्वांत सामान्य कारणांपैकी हे एक आहे, मग छत १० एकरांचे असो की दहा मीटरचे.

एक उदाहरण घेऊ. १० मीटर व्यासाची आणि मध्यभागी ३० सेंटिमीटर खोल अशी उथळ वाटी. दिसायला किरकोळ. तिच्यात सुमारे १२ टन पाणी मावते. मध्यबिंदूवर पाण्याचा दाब २,९४० पास्कल, त्यातून खालच्या हवेचे २५० वजा केले तर २,६९०. या वाटीची वक्रता-त्रिज्या साधारण ४२ मीटर. कापडातला ताण दाब गुणिले त्रिज्या भागिले दोन, म्हणजे मीटरला ५६ किलोन्यूटन. हाच पट्टा नेहमीच्या दिवशी वर फुगलेला असतो तेव्हा ताण असतो साधारण ५ किलोन्यूटन. वाटी होण्यापूर्वी आणि झाल्यानंतर, अकरा पट फरक.

या वर्गातल्या नव्या जाड पीटीएफई-काच कापडाची ताकद मीटरला १५० किलोन्यूटनच्या आसपास धरता येते. नवे असताना वरच्या उदाहरणात ते २.७ पट सुरक्षित राहते. ताकद निम्मी झाली असेल तर १.३ पट. आणि हा हिशेब पट्ट्याच्या मध्यभागाचा आहे. कापड केबलला आवळणाऱ्या क्लॅम्पच्या कडेला, कोपऱ्यात, जुन्या ठिगळाशेजारी ताण एकवटतो.

काचतंतूचे कापड कसे म्हातारे होते

पीटीएफई-काच कापडाचे गुण मोठे आहेत. ते जळत नाही, उन्हाने पिवळे पडत नाही, धूळ पावसाने धुऊन जाते, आणि दिवसाचा थोडा प्रकाश आत येऊ देते. स्टेडियमला दिवसा दिवे कमी लागतात. त्याच्या ओढ-ताकदीची पोलादाशी तुलना होते. पण तीन गोष्टींत ते हळवे आहे.

पहिली, घडी. तंतूंची जाडी काही मायक्रोमीटर असते. कापड तीक्ष्ण दुमडले की घडीच्या बाहेरच्या अंगाचे तंतू तुटतात आणि ते वरून दिसत नाही. म्हणूनच हे कापड मोठ्या व्यासाच्या नळ्यांवर गुंडाळून नेतात आणि घडी टाळता येत नसेल तिथे मऊ गुंडाळ्या घालतात. बसवताना कोणी कापडावर पाय देऊन वळला तरी ती जागा पुढे कमकुवत ठरू शकते. खाली येऊन पुन्हा फुगवलेल्या छतात अशा अदृश्य घड्या किती झाल्या असतील, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही.

दुसरी, ओल. ताणाखालच्या काचेला पाण्याचा स्पर्श सोसत नाही; तंतूंवरच्या सूक्ष्म चिरा वाढत जातात. लेप शाबूत असेपर्यंत पाणी आत शिरत नाही. लेपाला चर पडली, कडेचे शिवण-जोड उघडे राहिले, की विणीतून पाणी लांबपर्यंत झिरपते. वर्षानुवर्षे बर्फ, गरम पाण्याचे फवारे आणि फावडी सहन केलेल्या छतात अशा जागा असणारच.

तिसरी, चीर पसरणे. याकडे नवखे लोक सर्वाधिक दुर्लक्ष करतात. पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी सरळ ओढून तोडायला हजारो न्यूटन लागतात. तीच पट्टी आधी चिरलेली असेल तर चीर पुढे न्यायला काहीशे न्यूटन पुरतात. धागे एकेक करून टोकाशी तुटत जातात, भार वाटून घ्यायला त्यांना वेळच मिळत नाही. त्यामुळे या कापडात ‘थोडेसे फाटले’ अशी स्थिती ताणाखाली टिकत नाही. चीर केबलपर्यंत धावते. केबलच्या जाळीचा एक मोठा उपकार हाच, की ती फाटणे एका पट्ट्यापुरते थांबवते.

पण एक पट्टासुद्धा पुरेसा होता. २५० पास्कलला भोकातून हवा सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने बाहेर पडते. कडांजवळ प्रवाह आकसतो, तो धरून हिशेब केला तर सेकंदाला ११८ घनमीटर हवा गिळायला १० चौरस मीटरचे भोक पुरते. एकेक पट्टा काहीशे चौरस मीटरचा होता. पहिला पट्टा पूर्ण फाटला त्या क्षणी सगळे पंखे चालू असूनही दाब टिकणे अशक्य होते. पुढे छत खाली येणे ठरलेलेच होते, मग बाकीचे पट्टे फाटोत वा न फाटोत.

बर्फाशी लढण्याची पद्धत

अशा छतांवर बर्फासाठी जी कार्यपद्धती असते तिचा क्रम साधारण असा. हवामानाचा अंदाज आला की बर्फ सुरू होण्याआधीच दोन थरांमधल्या पोकळीत गरम हवा सोडायची. बाहेरचे कापड शून्याच्या वर राहिले तर पहिला बर्फ चिकटत नाही, वितळून वाहतो. हे आधी करणे महत्त्वाचे, कारण बर्फाचा थर एकदा बसला की तोच उष्णतारोधक होतो. वितळते ते फक्त तळाशी. त्याबरोबर आतला दाब टप्प्याटप्प्याने वाढवायचा. मग माणसे छतावर पाठवायची, गरम पाण्याच्या नळ्या घेऊन, आणि साचलेल्या जागा मोकळ्या करायच्या. हे सगळे पुरत नसेल तर इमारत रिकामी करून दाब मुद्दाम उतरवायचा, म्हणजे छत न फाटता केबलवर लोंबत खाली बसते. केबल त्या अवस्थेतही प्रेक्षागृहाच्या वरच राहतील अशी आखणी असते.

गरम हवेची मर्यादा आकड्यांत पाहावी. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. १,७४० टनांना सुमारे ५८० गिगाज्यूल. २४ तासांत हे काम करायचे तर अखंड ६.७ मेगावॅट उष्णता फक्त वितळवण्यासाठी हवी. वाऱ्यात जी उष्णता बाहेरच्या हवेला जाते ती वेगळी. पारा उतरत असेल तर हा तोटा मोठा होतो. शिवाय वितळलेले पाणी कुठे जाते हा प्रश्न उरतोच. घुमट गोल असेल तर ते कडेला वाहते. एखादी वाटी तयार झालेली असेल तर तिच्यात. म्हणजे उष्णता वेळेवर दिली तर औषध, उशिरा दिली तर वाट्यांमध्ये पाणी भरण्याचे साधन.

दाब वाढवण्यालाही सीमा आहे. ५०० पास्कलला दोन चौरस मीटरच्या दारावर १०० किलोचा रेटा बसतो. हवा जास्त गळते, पंख्यांवर भार वाढतो, आणि प्रत्येक पट्ट्यातला मूळ ताण दुप्पट होतो. जुन्या कापडाच्या बाबतीत दाब वाढवणे हा स्वतःच एक निर्णय असतो.

त्या रात्री

आता ११ डिसेंबरची संध्याकाळ पाहा. बर्फ जोरात पडत होता, पारा घसरत होता आणि वारा इतका होता की छतावर काम करणाऱ्या माणसांना खाली बोलवावे लागले. निर्णय बरोबर होता. बर्फाने निसरड्या झालेल्या, हलणाऱ्या कापडावर वादळात माणूस उभा करता येत नाही.

पण नेमका हाच वारा बर्फ एका बाजूला ढकलून असमान भार तयार करत होता. हाच वारा आणि हीच थंडी कापडातली उष्णता काढून नेत होती. म्हणजे ज्या हवामानात बचावाची तिन्ही साधने एकाच वेळी लागणार होती, त्याच हवामानाने त्यांतले एक काढून घेतले आणि दुसरे पांगळे केले. उरला फक्त दाब, आणि दाबाला जागा कळत नाही हे वर पाहिले.

संरचनेची विश्वसनीयता मोजताना आपण अनेकदा बचावाच्या साधनांना स्वतंत्र मानतो: एक निकामी झाले तर दुसरे आहे. इथे ती स्वतंत्र नव्हती. तिन्हींचे कारण एकच होते, वादळ. आराखडा करताना ‘छतावर माणसे जाऊन बर्फ काढतील’ असे वाक्य लिहिले असेल तर त्याखाली लगेच ‘किती वाऱ्यापर्यंत?’ हा प्रश्न लिहिला पाहिजे, आणि त्याहून जास्त वाऱ्यात काय, याचे उत्तर पोलादात, केबलमध्ये किंवा उतारात असले पाहिजे.

आधी इशारे मिळाले नव्हते असेही नाही. छत पहिल्यांदा फुगवल्यावर काही आठवड्यांतच, १९ नोव्हेंबर १९८१ रोजी, बर्फाने ते खाली आणले. ३० डिसेंबर १९८२ रोजी बर्फ काढणाऱ्या क्रेनमुळे ते फाटले, आणि १४ एप्रिल १९८३ रोजी पुन्हा बर्फामुळे. २६ एप्रिल १९८६ रोजी बेसबॉल सामना चालू असताना वादळात छताला लहानशी चीर पडली आणि खेळ नऊ मिनिटे थांबला. मिशिगनमधल्या पाँटियाक सिल्व्हरडोमचे याच जातीचे छत मार्च १९८५ मध्ये जड, ओल्या बर्फाखाली गेले. कॅनडात व्हँकुव्हरच्या बीसी प्लेसचे छत जानेवारी २००७ मध्ये फाटून बसले. मेट्रोडोममध्ये १९८६ नंतर मात्र चोवीस वर्षे मोठे विघ्न आले नाही. कर्मचारी आपले काम नीट करत होते, म्हणून. कार्यपद्धती यशस्वी होत राहिली की तिच्यावर किती भार टाकला आहे हे नजरेआड होते.

नंतरची दुरुस्ती

ठरलेला सामना डेट्रॉइटला हलवावा लागला. सुरुवातीला फाटलेले पट्टे बदलून छत पुन्हा फुगवायचा विचार होता. पण काही दिवसांतच आणखी एक पट्टा गेला, आणि खाली लोंबणाऱ्या छतात बर्फ-पाणी साचत राहिले. फेब्रुवारी २०११ मध्ये तपासणीअंती ठरले की पूर्ण छतकापड बदलावे लागेल. अंदाजे खर्च १.८ कोटी डॉलर. १३ जुलै २०११ रोजी नवे छत फुगवले गेले.

काही पट्टे बदलून का भागले नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. नवा पट्टा आणि २९ वर्षे ताणलेला पट्टा शेजारी बसवले तर दोन्ही सारखे ताणत नाहीत. नव्या कापडाचे उभे आणि आडवे धागे सुरुवातीच्या भाराखाली वेगवेगळे लांबतात, कारण विणीत एक धागा जास्त नागमोडी असतो आणि दुसरा कमी. म्हणून कापड बेतताना दोन्ही दिशांना एकाच वेळी ताण देऊन चाचणी करतात आणि प्रत्येक दिशेला जेवढे लांबेल तेवढे आधीच कमी कापतात. ही कपात उत्पादनाच्या प्रत्येक खेपेच्या, कधीकधी प्रत्येक रोलच्या कापडासाठी वेगळी निघते. जुन्याच्या शेजारी नवे जोडायचे तर जुने आता किती लांबलेले आहे आणि त्याच्यात किती ताकद उरली आहे, हे कापून, ओढून पाहावे लागते. ती चाचणी बहुतेक वेळा जे सांगते ते ऐकल्यावर जुने ठेवण्याचा मोह उरत नाही.

बसवणीचे टप्पे थोडक्यात. पट्ट्याच्या कडेला दोरी घालून दुमडी केलेली असते, तिच्यामुळे कापड क्लॅम्पमधून निसटत नाही. ही कड ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांखाली बोल्टने केबलवरच्या क्लॅम्पला आवळतात. आधी सगळे बोल्ट हाताने, मग समोरासमोरच्या कडा एकेक टप्पा आवळत जायच्या; एका कडेने सुरू करून पुढे गेले तर कोपऱ्यात सुरकुती अडकते आणि ती सुरकुती कायमची कमकुवत रेषा होते. जोडावर पाणी रोखणारी झाकणपट्टी उष्णतेने चिकटवतात. पीटीएफई सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळतो, त्यामुळे जागेवरच्या चिकटवणीला त्याहून जास्त तापमान आणि नियंत्रित दाब लागतो. बोचऱ्या थंडीत लेप ताठर असतो, घड्या पडण्याचा धोका वाढतो. वारा असेल तर अर्धवट बसवलेला पट्टा शिडासारखा उडतो. मिनियापोलिसच्या जानेवारीत हे काम करणे शहाणपणाचे नव्हते.

दुसरे मार्ग

गायगर यांनी स्वतःच हवेचा पर्याय पुढे शोधला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकसाठी त्यांनी ‘केबल डोम’ बांधले: परिघाच्या रिंगमध्ये अडकवलेल्या केबल, मध्ये तरंगते उभे दांडे, वर कापड. वजन जवळजवळ तितकेच कमी, पण आकार पंख्यांवर अवलंबून नाही. विशेष म्हणजे तिथे पट्ट्यांना दरी-कड्यासारखा आकार देऊन कापड दोन्ही दिशांना ताणून ठेवता येते. भार आला की कापड स्वतः विरोध करते.

डेन्व्हर विमानतळाचे शुभ्र शिखरांचे छत १९९५ मध्ये खुले झाले. तेही दोन थरांच्या पीटीएफई-काच कापडाचे, आणि तेही बर्फाच्या प्रदेशातले. तिथे कापड डोलकाठ्यांवरून खाली ओढून ताणलेले आहे, कड्यांवर एक केबल आणि दऱ्यांत दुसरी. वरचा उतार तीव्र, दरीतून पाण्याला ठरलेली वाट. वीज गेली तरी छताच्या आकारात काही फरक पडत नाही.

हवेवरची छते सर्वत्र चुकीची आहेत असे मात्र म्हणता येत नाही. १९८८ चे टोकियो डोम त्याच पद्धतीवर उभे आहे. बर्फ कमी, देखभाल काटेकोर, आणि प्रसंगी दाब वाढवण्याची तयारी असेल तर गणित जमते. दोन-तीन हिवाळ्यांपुरत्या क्रीडांगणावर किंवा कोठारावर फुगवलेले छत आजही सर्वांत स्वस्त आच्छादन असू शकते. तिथे बाहेर पडण्याच्या वाटा, स्वतंत्र इंधनावरचे राखीव पंखे आणि दाब किती खाली गेल्यावर माणसे बाहेर काढायची याचा लेखी आकडा एवढे तरी असायलाच हवे. पाँडिंगची तपासणीही साधी आहे: कापडाच्या प्रत्येक पट्ट्यावर एका बाजूला पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला अर्धा असा असमान बर्फभार टाकायचा, आकार बदलल्यानंतरचा उतार काढायचा, आणि कुठेही पाणी कडेकडे न जाता आत वळत असेल तर भूमिती बदलायची. कापड जाड केल्याने हा दोष जात नाही. जाड कापडाची वाटीही वाटीच असते.

मेट्रोडोमच्या नव्या छताला तीनच हिवाळे मिळाले. १८ जानेवारी २०१४ रोजी ते शेवटचे खाली उतरवले आणि पुढे इमारत पाडली. त्याच जागेवर २०१६ मध्ये यू.एस. बँक स्टेडियम उभे राहिले. त्याच्या छताला तीव्र उतार आहे. दक्षिणेकडचा मोठा भाग, छताच्या सुमारे ६० टक्के, ईटीएफई या पारदर्शक पातळ पटलाच्या उशांचा आहे. उत्तरेकडचा उतार धातूचा, अपारदर्शक. त्या उशांमध्येही पंख्यांनी हवा भरलेली असते. ती पटल ताणून धरते आणि उष्णता अडवते. हवा गेली तर उशी बसते. छत खालच्या पोलादी सांगाड्यावर जागच्या जागी राहते.